पाचव्या वेशीसाठी एक कंदील

‘सात वेशी’ हे नाटक बंद होणार, महिनाअखेरच्या रविवारी दुपारी त्याचा शेवटचा प्रयोग, ही बातमी शिस्तकाकांनी वाचली तेव्हा त्यांच्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर साबण होता. तसेच ते जिन्यात धावत आले आणि "बंद होतंय हो, बंद होतंय!" असं ओरडले. शिस्तकाका पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क असल्यामुळे इमारतीतल्या लोकांनी घाईघाईने बादल्या, पातेली आणि एका घरात तर फुलदाणीसुद्धा भरून ठेवली. खरा प्रकार कळल्यावर तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू म्हणाल्या, "नाटक होय? मग त्यात एवढं ओरडण्यासारखं काय आहे?" काकांनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्या मुकाट्याने पातेलं रिकामं करायला आत गेल्या.

ज्यांनी ‘सात वेशी’ पाहिलेलं नाही त्यांचा शिस्तकाकांना राग येत नसे, कीव येई. जेवून बसावं आणि उठेपर्यंत पुन्हा भूक लागावी एवढं ते लांब. वेढा पडलेलं शहर, त्याच्या सात वेशी, लाकडी घोड्यांवरची फौज, खराखुरा धूर, आणि गाणी तर इतकी, की पडदा पडल्यावर लोक एकमेकांना रिक्षाचं भाडंही चालीत विचारत. त्यात बंड करणारी धोबीण होती, कपटी खजिनदार होता आणि पांढऱ्या घोड्यावरून येणारा सेनापती होता. सेनापती आला की टाळ्या, गेला की टाळ्या, त्याचा घोडा अडखळला तरी टाळ्या. काकांचा मेव्हणा या सेनापतीचा परमभक्त. त्याने घराच्या बेलला सेनापतीची तुतारी लावून घेतली होती, त्यामुळे त्याच्याकडे दूधवाला आला तरी युद्ध जाहीर झाल्यासारखं वाटे.

शिस्तकाकांचा जीव मात्र पाचव्या वेशीच्या पहारेकऱ्यावर. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हा पहारेकरी हातात कंदील घेऊन येतो. शहरातली पोरंबाळं मागच्या वाटेने बाहेर पडेपर्यंत वेस धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. तो एकच गाणं म्हणतो, ‘रात्र माझी, वेस माझी, झोप तेवढी तुमची’, आणि गाणं संपताच शत्रूचा भाला लागून मरतो. तिसऱ्या अंकात त्याचं कुणी नावही काढत नाही, आणि नेमकं याचंच काकांना भरून येई. आयुष्यभर एकाच टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या नळाला पाणी येतंय की नाही हे पाहणाऱ्या माणसाला तो पहारेकरी सख्ख्या भावासारखा वाटला तर त्यात नवल ते काय? हे ते कुणाला बोलून दाखवत नसत. पण गाणं सुरू झालं, की त्यांना चष्मा पुसावा लागे.

म्हणूनच ‘सात वेशी’च्या चाहत्यांनी काढलेल्या रसिक मंडळाचा तो सुप्रसिद्ध नियम. मंडळाचे चिटणीस अर्थातच शिस्तकाका, आणि पहारेकऱ्याच्या गाण्यानंतर टाळी वाजवायची नाही हा नियमही त्यांचाच. टाळ्या सेनापतीला वाजवा, घोड्याला वाजवा, पडद्याला वाजवा, काकांची ना नव्हती. पण वेशीवर मरायला उभ्या असलेल्या माणसापुढे कसला गोंगाट करता? तिथे उजवा हात छातीवर, मान खाली, आणि शांतता. खोकायचं नाही, खुर्ची करकरवायची नाही. नव्या सभासदांना याची रीतसर तालीम असे. गाणं रंगात आलं की काका मागून त्यांच्या कानाशी कुजबुजत, "आज वाजवा हं टाळी, आज चालतं," आणि जो हात उचलेल तो नापास. मेव्हणा दोनदा नापास झाला होता. पुढे गावोगावच्या मंडळांनीही हा नियम उचलला आणि कुठेही प्रयोग असला तरी त्या गाण्यानंतर टाचणी पडली तर ऐकू येऊ लागली. या शांततेचा काकांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या बढतीचाही नव्हता.

आता शेवटच्या प्रयोगाला पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या नटाला आपण स्वतः करवून घेतलेला एक कंदील भेट द्यायचा, एवढाच काकांचा बेत होता. साधा, पत्र्याचा, हातात मावेल असा.

"अहो, बाजारात ढीगभर मिळतात," बायको म्हणाली.

"बाजारात पाचव्या वेशीचा मिळत नाही," काका म्हणाले आणि पेट्या-डबे करणाऱ्या कारागिराकडे गेले.

कारागिराने नमुना मागितला. काका घरी येऊन चित्र काढायला बसले आणि पहिलं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. काकांच्या मते कंदिलाला चार काचा होत्या. मेव्हण्याच्या मते सहा.

"तू कधी पाहिलास रे तो कंदील?" काका कडाडले. "तुझे डोळे सदा घोड्याकडे!"

"भावोजी, घोड्याच्या मागेच तर असतो तो. सहा आहेत. मी पैज लावतो."

दोघांचे आवाज चढले, शेजारच्या खिडक्या उघडल्या, चारवाले आणि सहावाले असे जिन्यात दोन तट पडले. शेवटी बायको लाटणं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पाच करा आणि जेवायला या." पाच काचांचा कंदील आपल्या बापजाद्यांनी केला नाही, असं कारागीर तीनतीनदा म्हणाला. पण केला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहत होते. त्यांना इमारतीतले लोक जिन्यात टाळत, कारण ते विचारल्याशिवाय सल्ला देत आणि दिलेला सल्ला पाळला की नाही ते तपासायला येत. कंदील पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"पत्रा? अहो शिस्तकाका, पत्रा गंजतो. नाट्यसृष्टीच्या इतिहासात तुम्ही गंज ठेवणार?"

झालं, पितळ आलं. पितळेचा भार पेलायला बूड जाड हवं म्हणून बूड जाड झालं. उष्णता बाहेर कशी जाणार म्हणून वर धुराडं बसलं. धुराड्याने तोल जाईल म्हणून बुडात शिसं ओतलं. इंजिनिअरांनी सगळ्या नोकरीत फक्त पूल बांधले होते, त्यामुळे कंदिलावरून ट्रक गेला तरी चालेल अशीच त्यांची गणितं. शिवणवाल्या काकूंना वाटलं आपणच का मागे राहायचं, त्यांनी त्याला झालरीचा अभ्रा शिवला. हातात मावणारा कंदील आता दोघांनी धरून उचलावा लागे, आणि उचलताना तिसऱ्याने "जपून, जपून" म्हणावं लागे.

तो पेटवून बघायचा दिवस ठरला तेव्हा सगळी इमारत काकांच्या गॅलरीत लोटली. काकांनी काडी ओढली. कंदील पेटला, पाचही काचा उजळल्या, सगळ्यांनी "वा!" म्हटलं, आणि मग धुराड्याने आपलं काम उलटं सुरू केलं. बाहेर जायचा धूर तो घरात सोडू लागला. समोरच्या इमारतीतल्या कुण्या परोपकारी माणसाने अग्निशामक दलाला फोन केला, आणि घंटा वाजवत बंब दारात येऊन उभा राहिला.

"काय जळतंय?" त्यांचे प्रमुख नळी घेऊन आत शिरत म्हणाले.

"काही जळत नाहीये! हा पाचव्या वेशीचा कंदील आहे," काका कंदिलापुढे हात पसरून उभे राहिले.

प्रमुख थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. "अरेच्चा! ‘सात वेशी’ होय? मी पण पाहतो. कधी चुकवत नाही." काकांचा जीव भांड्यात पडला. "पण मी सेनापतीवाला," असं म्हणून प्रमुखांनी नळी सोडली. पाणीपुरवठा कार्यालयाच्या हेडक्लार्कच्या घरात त्या दिवशी प्रथमच पूर्ण दाबाने पाणी आलं.

गाद्या वाळायला आठवडा लागला. बायको त्या आठवड्यात काकांशी फक्त मेव्हण्यामार्फत बोलत होती. इंजिनिअरांनी ज्योतीच्या जागी दिवा आणि बॅटरी बसवून दिली, म्हणजे वजन आणखी वाढलं, आणि काका थिएटरच्या कचेरीत परवानगी मागायला गेले. आयुष्य खिडकीच्या आतल्या बाजूला गेल्यामुळे बाहेरच्या बाजूला एवढं ऊन असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"कलावंतांसाठी वस्तू आणायचीय? प्रकार सांगा," खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या. "पुष्पगुच्छ, खाद्यपदार्थ की वाद्य?"

"कंदील."

"कंदील नाहीये यात."

"मग ‘इतर’ लिहा."

"इतर पण नाहीये."

हेच उत्तर काकांनी स्वतः किती जणांना दिलं असेल! मनातल्या मनात त्यांनी बाईंच्या कामाला दाद दिली. पण वेळ दाद देण्याची नव्हती. कंदील खाता येत नव्हता आणि त्याचा वास घेण्यातही अर्थ नव्हता.

"वाद्य लिहा," ते म्हणाले.

"वाद्य असेल तर वाजवून दाखवा."

मागे रांग होती. मेव्हणा कंदिलाचं एक टोक धरून उभा होता. काकांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि पितळी बुडावर बोटांनी ठेका धरला. एका हेडक्लार्कची सारी प्रतिष्ठा त्या बुडावर टणटण वाजत होती. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ठेका सुटतोय." बाईंनी शिक्का मारला आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं: वाद्य, जड.

रविवार उजाडला. मेव्हणा सेनापतीचा झगा घालून आला होता आणि हातगाडीपुढे असा चालत होता, की शहर जिंकूनच परतायचंय. थिएटरभोवती नुसती झुंबड! धोबिणीसारखे पदर खोचलेल्या बायका, खजिनदाराच्या मिशा लावलेले बँकेतले लोक, लाकडी घोड्याचे मुखवटे घातलेली पोरं, सगळे एकाच वेळी वेगवेगळी गाणी म्हणत होते आणि कुणालाच त्याचा त्रास होत नव्हता.  वाद्य असल्यामुळे त्यांना वादकांच्या दाराने आत जावं लागलं. तिथल्या माणसाने कागद पाहून कंदील तबल्याच्या डाव्या बाजूला लावायला सांगितला. काकांनी "आधी सूर लावून आणतो" असं म्हणून तो सरळ रंगपटाच्या खोलीकडे ढकलत नेला.

खोलीच्या कोपऱ्यात आरशापुढे पहारेकरी बसला होता. जवळून पाहिलं तर चांगलाच वयस्कर माणूस. एका भुवईला रंग लागला होता, दुसरी पांढरीच होती.  काकांनी कंदिलावरचा अभ्रा काढला.

"सेनापतींची खोली पलीकडे आहे," तो अदबीने म्हणाला.

"नाही, नाही. हा तुमच्यासाठी. तुमच्या गाण्यासाठी."

नट उठला, त्याने कंदील उचलून पाहिला आणि जेमतेम बोटभर उचलून खाली ठेवला. "हा धरून गायलो तर भाल्याची गरजच पडायची नाही," तो हसला. मग हसू ओसरलं. "पण साहेब, तुम्ही उशीर केलात. आज ते गाणं नाहीये. मीच दिग्दर्शकांना सांगितलं, गाळून टाका म्हणून. दोन ओळी बोलतो आणि मरतो."

"का?" काका ओरडलेच.

"टाळी पडत नाही हो. सुरुवातीला थोडीफार पडायची, मग हळूहळू गावोगाव बंद झाली. धोबिणीला वन्स मोअर मिळतो, घोड्याला टाळ्या पडतात, आणि मी गायलो की मसणवटा. लोक माना खाली घालून बसतात. मला वाटतं, चपला शोधत असतील. आज माझी नात पहिल्यांदा नाटकाला आलीय. आजोबा गायला लागले की लोक निघायच्या तयारीला लागतात, हे तिला कशाला दाखवू?"

शिस्तकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते धबधब्यासारखे बोलत सुटले. चपला नव्हे, आदर! छातीवर हात, मंडळाचा नियम, तालीम, नापास झालेला मेव्हणा, सगळं सांगितलं. नट शांतपणे ऐकत होता. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं मन फार मोठं आहे," तो म्हणाला. "इतकं गोड खोटं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"पाया पडतो तुमच्या, पण आज गा!"

नटाने कंदिलाकडे पाहिलं, काकांच्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. "एवढं ओझं वाहून आणलंत, तुमचा शब्द कसा मोडू? गातो. पण मन घट्ट करून बसा."

काका थिएटरात शिरले तेव्हा पहिला अंक सुरू झाला होता, आणि अंक चालू असताना बोलायचं नाही हाही त्यांचाच नियम. ते खुर्चीवर नुसते चुळबुळत राहिले. मध्यंतर होताच ते उठले आणि रांगारांगांतून धावत सुटले. "आज पहारेकऱ्याला टाळी वाजवायची बरं का! खरंच वाजवायची!"

जो तो मिश्किल हसला. "कळलं काका, कळलं."

"अहो, परीक्षा नाही ही!"

"आम्ही काय आज पहिल्यांदाच नाटकाला आलो?" बंबवाले प्रमुख डोळा मारून म्हणाले.

काका शेवटी खुर्चीवर चढले. "चिटणीस या नात्याने जाहीर करतो," त्यांनी दोन्ही हात वर केले, "नियम रद्द!" यावर सगळ्या थिएटरने टाळ्यांचा कडकडाट केला. "शेवटचा पेपर अवघड काढलात हो!" कुणीतरी मागून ओरडलं. मेव्हणा तर त्यांचा हात धरून म्हणाला, "भावोजी, दोनदा फसलो. आज मेलो तरी हात उचलणार नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काका मटकन खाली बसले. बायको त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. 

दुसरा अंक सरत आला. वेस अंधारली. पहारेकरी आपला नेहमीचा हलका कंदील घेऊन आला, आणि तो गायला. देवाशप्पथ सांगावं असं गायला. कुणासाठी नाही, कशासाठी नाही, आता यातून काही मिळायचं नाही हे ठरवूनच उभा राहिलेला माणूस गातो तसा. ‘झोप तेवढी तुमची’ या शेवटच्या ओळीवर त्याचा आवाज किंचित हलला, आणि गाणं संपलं.

आणि शांतता. अख्खं थिएटर छातीवर हात ठेवून, माना खाली घालून बसलं. इतकी सुंदर, इतकी कडेकोट शांतता मंडळाने आजवर पाळली नव्हती. काकांनी टाळीसाठी हात उचलला, तर तो सवयीने छातीवर जाऊन बसला. त्यांनी तो डाव्या हाताने ओढून काढला आणि टाळी वाजवली.

त्या शांततेत ती स्वयंपाकघरात झाकण पडावं तशी वाजली. सगळ्या माना वर झाल्या. "शूऽऽऽ!" ज्यांना काकांनी घडवलं ते सगळे एकमुखाने म्हणाले. नव्या सभासदांपैकी एक मुलगी हळहळली, "अरेरे, काका नापास!" काकांनी दुसरी टाळी वाजवली, तिसरी वाजवली. तिकडे रंगमंचावर नटाने घाई केली होती. भाला अजून लागायचाच होता, तरी तो पडला होता. काका रडत होते आणि वाजवत होते, एकटेच, आणि त्यांना आयुष्यात एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारी पर्स खाली पडली. बायको उठली होती. इतकी वर्षं नियमाखाली दाबून ठेवलेली टाळी ती, अशी काही वाजली, की पुढच्या रांगेतले दचकले. "वाजव रे!" तिने भावाच्या पाठीत धपाटा घातला. "तुझे भावोजी खरं बोलतायत. त्यांचं तोंड बघ!" मेव्हण्याने तोंड बघितलं. मग तो झगा सावरून खुर्चीवर उभा राहिला आणि सेनापतीसाठी राखून ठेवलेल्या आवाजात गरजला, "वन्स मोऽऽअर!"

बांध फुटला! चारवाले, सहावाले, धोबीणवाल्या, मिशावाले, बंबवाले, सगळे उभे राहिले. किती प्रयोगांच्या टाळ्या तुंबून राहिल्या होत्या कोण जाणे, त्या सगळ्या एकदम सुटल्या. ज्यांना टाळ्या पुरेनात ते खुर्च्या बडवू लागले. तबलजीने तबला बडवला.

रंगमंचावरच्या मेलेल्या पहारेकऱ्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. तो कोपरावर टेकून उठला आणि त्याने मागे वळून पाहिलं, सेनापती चुकून आधीच आला की काय म्हणून. मागे कुणीही नव्हतं. नुसती बंद वेस होती. तो हळूच पुन्हा प्रेक्षकांकडे वळला आणि त्याने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. मला?

"तुम्हालाच!" शिस्तकाका बेंबीच्या देठापासून ओरडले, आणि सगळं थिएटर ओरडलं, "तुम्हालाच!"

शत्रूचे दोन सैनिक गोंधळून गेले होते. मेलेला माणूस उभा राहिल्यावर काय करायचं हे त्यांना तालमीत कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं पुन्हा भाले उगारले. पहारेकऱ्याने तोंडावरून हात फिरवला. त्याची रंगवलेली भुवई सगळ्या गालावर पसरली.

"थांबा रे जरा," तो त्यांना म्हणाला, "आज मला मरायची घाई नाही." आणि त्याने गाणं पहिल्या ओळीपासून सुरू केलं.